मशीनचा कप्पा

सोमवार, ५ जानेवारी

टाचणे,

आशीर्वाद आधी घे, राग मागून. दोन्ही एकदम तुझ्या हातात मावायचे नाहीत.

हे पत्र तुझ्या आईने लिहिलेलं नाही, हे तुला पहिल्याच ओळीत कळलं असेल, कारण ओळी सरळ आहेत. मी बोलते आहे आणि शेजारच्या खुर्चीवरच्या टायपिस्टबाई बडवताहेत. बडवताहेत म्हणजे खरंच बडवताहेत. पस्तीस वर्षं त्यांनी कचेरीत लोखंडी टाइपरायटरवर काढली. ओळ संपली की त्यांचा डावा हात आपोआप उठतो आणि संगणकाच्या पडद्याला एक चापट बसते. शिकवणाऱ्या बाई प्रत्येक चापटीला डोळे मिटतात.

(चापटीचा उल्लेख अनावश्यक आहे, असे मी सांगितले होते. — टंकलेखिका)

हे असं मध्ये मध्ये येत राहील. त्यांना मी म्हटलंय, मी बोलेन ते सगळं घाला, एक शब्द गाळायचा नाही. त्या म्हणाल्या, मग माझेही घालीन. बरोबरीचा सौदा आहे.

मी कुठे आहे ते सांगते. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर म्हाताऱ्यांसाठी संगणकाचा वर्ग निघाला आहे. सोमवार आणि गुरुवार, सकाळी दहा ते बारा. संगणक आठ, म्हातारे अकरा. वर जायचं तर खालच्या पुस्तकांच्या कपाटांमधून जावं लागतं. मी मान खाली घालून जाते, ज्यांच्याशी आयुष्यभर ओळख करून घेतली नाही अशा लोकांच्या घोळक्यातून जावं तशी. शिकवणाऱ्या बाई दर दोन वाक्यांनी "हळूहळू" म्हणतात, म्हणून त्यांचं नाव आम्ही हळूहळूबाई ठेवलं आहे. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "आजी, लिहितावाचता येतं ना?" मी म्हटलं, "ते येत असतं तर मी इथे कशाला आले असते, खालीच नसते बसले?"

तूच पाठवलंस मला इथे. सहा वर्षांपूर्वी जिन्यात उभी राहून म्हणालीस, "फोन केलास तर उचलणार नाही. जे सांगायचंय ते लिहून पाठव." अंगठा उठवणाऱ्या बाईला लिही म्हणालीस! तुला वाटलं असेल, कटकट मिटली. तर ही घे कटकट. तुझ्या भावाने कॅलेंडरच्या पानामागे तुझा पत्ता लिहून दिला. त्याला घर नाही, गल्ली नाही, मधोमध एक गोगलगाय बसलेली. मी म्हटलं, अरे, हिचं घर कुठे आहे यात? तो म्हणाला, आई, गोगलगायीनंतरचं सगळं घरच.

कामाचं सांगते. मार्चअखेरीला या खोल्या सोडायच्या आहेत. इमारत पाडणार आहेत. मी तुझ्या भावाकडे जाणार. तिथे माझ्यासाठी एक पलंग आणि पलंगाखालची जागा मोकळी केली आहे. शिवणयंत्र काही पलंगाखाली जात नाही. चाळीस वर्षं त्याच्यावर काजं केली, कुणा परक्याच्या घरी द्यायला जिवावर येतं. तुला हवं का? हो किंवा नाही, एवढंच कळव.

आणि त्याच्या कप्प्यातल्या त्या पाकिटाचं म्हणशील, तर तेव्हा सांगितलं तेच आज सांगते. मला अक्षर कळत नाही. कागद आला, कप्प्यात पडला. तो तुझ्या नोकरीचा होता, हे तू बारा वर्षांनी तो कागद हातात धरून माझ्या अंगावर ओरडलीस तेव्हा मला कळलं. मला काय माहीत त्यात काय होतं?

टायपिस्टबाईंनी पत्र व्यवस्थित जतन केलं. म्हणाल्या, "झालं आपलं काम. पुढचं पुढचे बघतील."

आई


गुरुवार, १५ जानेवारी

टाचणे,

दहा दिवस झाले. हळूहळूबाई म्हणतात, हे पत्र पापणी लवायच्या आत पोहोचतं. म्हणजे पत्र पोहोचलं आहे आणि तू पापणी लवत बसली आहेस.

बस. मला काय, मला इथे भरपूर गोंधळ आहे करमणुकीला.

इथे खिडकी म्हणतात तिला गज नाहीत, आणि ती बंद केली की तिच्यामागे दुसरी निघते. फळ्या टाकून बंद करायच्या दुकानासारखं. कचऱ्याचा डबा आहे, पण त्यात टाकलेलं परत काढता येतं; मग तो कचरा कसला? फायली आहेत, कागद नाहीत. मी विचारलं, "बाई, हे सगळं राहतं कुठे? या डब्यात?" म्हणाल्या, "काही डब्यात, काही ढगात." मी खिडकीबाहेर बघितलं. आभाळ कोरडं ठक्क होतं. माणूस शिकवताना थकतं.

तो उंदीर मात्र मला लवकर आला. त्याला धरायचं नाही, कापडासारखं नुसतं हाताखाली सरकू द्यायचं. माझ्या पलीकडे एक निवृत्त बसड्रायव्हर बसतात, ते त्याला स्टिअरिंगसारखे दोन्ही हातांनी धरतात आणि वळताना स्वतःही वळतात. माझी खोड वेगळी. हात टेबलावर आला की पाय खाली मशीनचा पायटा शोधतो. परवा माझ्या पायाने तारच उपटली आणि अख्खी रांग काळी झाली. ड्रायव्हर म्हणाले, "आजी, ब्रेक दाबलात वाटतं!"

अक्षरं येत नसताना मी परवलीचा शब्द कसा घालते, ते ऐक. अख्ख्या वर्गात मी एकटी अशी आहे, जिला चिठ्ठी बघावी लागत नाही. कळांच्या चार ओळी असतात. दुसऱ्या ओळीत डावीकडून तिसरी, मग तिच्या पायाशी तिरकी, मग एकदम उजव्या टोकाला, परत येताना दोन सोडून एक, आणि शेवटी आकड्यांच्या ओळीत पहिली तीनदा. काजाची वीण असते तशीच. काय लिहिलं ते मला ठाऊक नाही, पण दार उघडतं.

एकदा मात्र त्याने मला अडवलं. तुम्ही यंत्र नाही हे सिद्ध करा, म्हणाला. नऊ चित्रं दाखवली आणि त्यातल्या शिड्या ओळखा म्हणाला. चाळीस वर्षं कारखान्यात मला सगळे यंत्रच समजत होते, तेव्हा कुणी शिड्या दाखवल्या नाहीत. मी ओळखल्या सगळ्या. एक चुकली. ते कुंपण होतं.

नात कशी आहे? दहाची झाली असेल. वाचायला लागली असेल भराभर. तू तर चौथ्या वर्षीच दुकानांच्या पाट्या मोठमोठ्याने वाचत चालायचीस आणि लोक वळून बघायचे. मी तुझा हात धरून चालते आहे असं लोकांना वाटे. खरं म्हणजे तू माझा धरलेला असायचास.

(मी विचारले, "असायचास" की "असायचीस"? वक्त्या म्हणतात, घाईत बोलले, असू दे. — टंकलेखिका)

मशीनचं कळव. हो किंवा नाही.

आई


गुरुवार, २२ जानेवारी

टाचणे,

उत्तर नाही. हळूहळूबाईंना विचारलं, उत्तर आलं तर कुठे दिसतं? त्यांनी पडद्यावर एक जागा दाखवली. आवक. तिथे एक पत्र होतं! टायपिस्टबाईंनी वाचलं. संगणकवाल्यांचंच होतं, तुमचं स्वागत आहे म्हणून. मी म्हटलं, वर्गात आल्याला तीन आठवडे झाले, आता स्वागत करताहेत.

आज एक नवीन गोष्ट समजली. हा संगणक वाचूनही दाखवतो. कानाला दोन वाट्या लावायच्या, एक बटण दाबायचं, की एक बाई नाकातून बोलत सगळं वाचत जाते. कुठेही दम घेत नाही, कशाचंही तिला वाईट वाटत नाही. औषधाच्या सूचना आणि कुणाच्या मरणाची बातमी एकाच सुरात. मी तिच्याकडून अर्धा तास बातम्या ऐकल्या. मग वाट्या काढून नुसती बसून राहिले.

ड्रायव्हर म्हणाले, "काय झालं आजी? वाईट बातमी?"

म्हटलं, "नाही हो. ही बाई चाळीस वर्षं उशिरा आली."

त्यांना काही कळलं नाही. तुला कळेल. तूच वाचायचीस ना सगळं मला. बसचे नंबर, कारखान्यातली नोटीस, डॉक्टरांची चिठ्ठी. सात वर्षांची असताना डॉक्टरांना म्हणाली होतीस, "अक्षर नीट काढा, मला घरी वाचायचं असतं."

मशीनला तेल घातलं आहे. चालतं अजून.

आई


सोमवार, २ फेब्रुवारी

टाचणे,

आज आशीर्वाद नाही.

तुझ्या भावाचा काल फोन आला. बोलता बोलता म्हणाला, "ताई विचारत होती, आई ठीक आहे ना म्हणून." म्हणजे त्याला विचारतेस! माझी तीन पत्रं तुझ्यापुढे पडलेली, त्यात मी ठीक आहे की नाही ते माझ्याच तोंडून लिहिलेलं, आणि विचारायचं भावाला. मी त्याला पत्रांचं काही बोलले नाही. आपल्या दोघींचं आहे ते. पण मला समजेना झालं आहे. तू वाचतेस की नाही? वाचून पुसून टाकतेस? की त्या ढगात काही होतं?

हळूहळूबाईंना विचारलं, "पोहोचलेलं पत्र न पोहोचल्यासारखं होऊ शकतं का?" त्या म्हणाल्या, "पाठवलं असेल तर पोहोचतंच." टायपिस्टबाई ताठ बसून म्हणाल्या, "माझ्या हातून गेलेला कागद पस्तीस वर्षांत कधी अडलेला नाही."

मग तूच अडली आहेस.

सहा वर्षं, बाई! एका कागदावरून सहा वर्षं. त्या दिवशी तू माझ्या मशीनच्या कप्प्यात बॉबिन शोधत होतीस. नातीचा फ्रॉक उसवला होता. पाकीट निघालं, तू उभ्या उभ्या वाचलंस. मी म्हटलं, मला कुठे वाचता येतं, कागद म्हणून ठेवला. तेव्हा तू जे विचारलंस ते मला अजून ऐकू येतं. "आई, या घरात आलेल्या प्रत्येक कागदाची तू शिवणाची मापं कापलीस. वर्तमानपत्रं, माझ्या वह्या, बाबांची प्रमाणपत्रंसुद्धा. मग हाच एक का अख्खा राहिला?"

किती मोठ्याने विचारलंस ते. शेजारी बाहेर आले.

मी आई आहे तुझी. वडील गेल्यावर तुम्हा दोघांना एका पायट्यावर वाढवलं. तुला कामाला लावलं ते माझ्या शेजारच्या खुर्चीवर, कुणाच्या हाताखाली नाही. बारा वर्षं माझ्या नजरेसमोर बटणं लावलीस, कुणी तुला वर तोंड करून बोललं नाही. त्याचं काही नाही, आणि एक कागद तेवढा मोठा?

मशीन नको असेल तर नको म्हण. गप्प बसू नकोस. गप्प बसलेल्या माणसाचं काय करायचं ते मला कुणी शिकवलं नाही, आणि इथेही शिकवत नाहीत.

(वक्त्यांच्या सांगण्यावरून रागाचे सर्व शब्द ठेवले आहेत. मी दोनदा विचारले. — टंकलेखिका)

आई


गुरुवार, १२ फेब्रुवारी

टाचणे,

तुझा राग आहेच, माझा उतरला आहे. का, ते सांगते.

सोमवारी टायपिस्टबाईंना ताप होता, त्या आल्या नाहीत. मी रिकामी बसले होते. हळूहळूबाईंना म्हटलं, माझं पहिलं पत्र त्या नाकातल्या बाईकडून ऐकायचंय. त्यांनी टायपिस्टबाईंनी जपून ठेवलेलं पत्र उघडलं, वाट्या माझ्या कानाला लावल्या आणि ड्रायव्हरांकडे गेल्या.

स्वतःचं बोलणं दुसऱ्याच्या तोंडून कधी ऐकलंयस? आशीर्वाद, चापट, गोगलगाय... मी हसत होते. मग ती म्हणाली, "मला अक्षर कळत नाही कागद आला कप्प्यात पडला मला काय माहीत त्यात काय होतं." एका दमात, वर नाही की खाली नाही. मी सांगते तेव्हा त्यात माझा सूर असतो, डोळ्यांत पाणी असतं, पदर असतो. तिच्याकडे काहीच नव्हतं. नुसते शब्द. आणि नुसते शब्द ऐकले, तर हे खोटं आहे, हे लहान पोरालाही कळेल.

मी ते परत ऐकलं. चार वेळा.

टायपिस्टबाईंना आज म्हटलं, यापुढचं खाली मान घालून लिहा आणि माझ्याकडे बघू नका.

तुझे वडील जाऊन सात महिने झाले होते. तुझ्या भावाच्या आजारपणामुळे त्या दिवसांत मी कारखान्याचं काम घरी आणून करत होते. पाकीट दुपारी आलं. तू शिकवणीला गेली होतीस. जाड तपकिरी कागद, आणि वर उठावाचा शिक्का. मी त्यावरून अंगठा फिरवला. असा शिक्का साध्या पत्राला नसतो, एवढं मला कळतं. मी ते घेऊन कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे गेले आणि त्याच्याकडून वाचून घेतलं. हो. वाचून घेतलं. तो म्हणाला, "अहो, तोंड गोड करा! मुलीला नकाशे काढायच्या खात्यात घेतलंय. पुढच्या महिन्याच्या वीस तारखेच्या आत हजर व्हायचंय. लांब आहे हो पण, दोन दिवसांचा प्रवास." म्हटलं, "सांगू नका कुणाला, मीच सांगते तिला." तेव्हा माझ्या मनात काही नव्हतं. आनंदच होता. पायऱ्या दोन दोन चढले.

घरी आले तर तुझा भाऊ खोकत होता. फळीवर दोन बाटल्या होत्या. सारख्याच तपकिरी, सारखंच झाकण. एकीतलं पोटात घ्यायचं, एकीतलं छातीला चोळायचं. कोणती कोणती, ते मला ठरवता येईना. वास घेतला, दोन्ही कापरासारख्या. पोर खोकून खोकून लाल झालं होतं आणि मी दोन बाटल्या दोन हातांत धरून उभी. शेवटी काहीच दिलं नाही. तू आलीस, चप्पल काढता काढता लेबल वाचलंस, "ही गं," म्हणालीस आणि त्याला चमचा पाजलास. एवढंसं काम.

आणि मी पाकीट पदराखालून काढलं नाही.

उद्या सांगू म्हटलं. मग परवा. तू रोज दुपारी दारात उभी राहून पोस्टमनची वाट बघायचीस. रोज मला विचारायचीस, "माझं काही आलं?" मी मशीनवरून मान वर न करता म्हणायचे, नाही. चौतीस दिवस. वीस तारीख गेली, आणखी काही दिवस गेले, मग तू दारात उभी राहायचं सोडलंस. पस्तिसाव्या दिवशी मी तुला कारखान्यात घेऊन गेले आणि मुकादमाला म्हटलं, पोरगी हुशार आहे, लिहितेवाचते.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर सहा वर्षं माझ्याकडेच होतं. बाकीच्या कागदांना मी कात्री लावली, कारण त्यात काय आहे ते मला माहीत नव्हतं. या एकाला लागेना. दोनदा काढला, दोनदा परत ठेवला. यात काय आहे ते मला माहीत होतं.

मी घाबरले होते, बाई. तू गेलीस तर पाट्या, बाटल्या, चिठ्ठ्या, सगळं मुकं होईल म्हणून घाबरले. तुला ठेवून घेतलं ते तुझ्यासाठी नाही. तुझ्या डोळ्यांसाठी.

(इथे मी मान वर करून त्यांच्याकडे बघितले. — टंकलेखिका)

आता तू उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. मशीनचंही राहू दे.

आई


सोमवार, २३ फेब्रुवारी

टाचणे,

ऐक, आणि हसू आलं तर हस, मी हसले.

आज हळूहळूबाई म्हणाल्या, "चला, आज पत्र पाठवायला शिकू." मी म्हटलं, "बाई, आमची तर पाच गेली." त्यांनी टायपिस्टबाईंच्या खांद्यावरून वाकून बघितलं. मग मला पडद्यावर दोन कप्पे दाखवले. एकाचं नाव पाठवलेली पत्रं. तो रिकामा. स्वच्छ धुतल्यासारखा. दुसऱ्याचं नाव मसुदे. त्यात एकाखाली एक पाच पत्रं, प्रत्येकाच्या डोक्यावर तुझा गोगलगायीचा पत्ता.

"आजी," त्या म्हणाल्या, "ही कधी पाठवलीच नाहीत."

टायपिस्टबाईंचा चेहरा बघायला हवा होता तू. म्हणाल्या, "पाठवायची? मी?" अगं, पस्तीस वर्षं त्यांनी कागद टाइप केला, नीट तपासला, जावकच्या ट्रेमध्ये ठेवला, की काम संपलं. मग जावक कारकून यायचा, नोंद करायचा, तिकीट लावायचा आणि पाठवायचा. टायपिस्टने पाकिटाला हात लावायचा नाही, हा नियम. त्यांनी माझी पाचही पत्रं काळजीने टाइप केली, जतन केली आणि ट्रेमध्ये ठेवली. जावक कारकून येईल म्हणून. तो काही आला नाही. संगणकात त्याची जागाच भरलेली नाही.

त्या रडायला लागल्या. "माझ्यामुळे कधी कागद अडला नव्हता हो." ड्रायव्हरांनी त्यांना पाणी दिलं. आणि मला हसू फुटलं. पोटातून, किती तरी दिवसांनी. महिनाभर मी तुझ्यावर चिडले, तुला बोल लावले, आणि तुझ्यापर्यंत साधा श्वासही पोहोचला नव्हता.

मग हसू थांबलं, आणि मला जे वाटलं ते लपवत नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. म्हणजे तुला काहीच माहीत नाही. औषधवाला नाही, बाटल्या नाहीत, चौतीस दिवस नाहीत. तो औषधवाला केव्हाच गेला. आता हे माहीत असलेलं माणूस मी, आणि टायपिस्टबाई.

त्या डोळे पुसून हळू आवाजात म्हणाल्या, "आजी, पाचवं काढून टाकू का? एक कळ आहे. चौथंही, रागाचं. पहिली तीन पाठवू. गोड आहेत."

"कचऱ्यातून परत काढता येतं ना पण?"

"तिथूनही पुसता येतं. कुणाला कळणार नाही."

मी म्हटलं, थांबा जरा. आणि खाली गेले. पुस्तकांच्या कपाटांमध्ये एक बाक आहे, त्यावर बसले. पहिल्यांदाच बसले तिथे. कुणी हटकलं नाही. तासभर असेन. काही मोठं आठवत नव्हतं, फक्त तुझी पाठ. दारात उभी असायचीस तेव्हा मला तुझी पाठच दिसायची, मशीनवरून. एक पाय उंबऱ्याबाहेर, एक आत.

वर आले आणि टायपिस्टबाईंना म्हटलं, "पत्र कप्प्यात घालून गप्प बसायचं काम मला येतं. त्यात मी तुमच्यापेक्षा जुनी आहे. आता दुसरं काम शिकवा."

हळूहळूबाईंनी दाखवलं. पत्राच्या कडेला एक छोटा तिरका बाण आहे, कागदाचं विमान करतात तसा. त्यावर उंदीर न्यायचा आणि एकदा दाबायचं. टायपिस्टबाई हात पुढे करत होत्या, मी म्हटलं, "तुमच्या नियमात बसत नाही, पाकिटाला हात लावू नका." पहिलं उघडलं, दाबलं. कोपऱ्यात एक शब्द उमटला आणि विझला. विचारलं, काय म्हणाला? "पाठवले." दुसरं दाबलं, तोच शब्द. तिसऱ्याला मी त्याची वाट बघत होते. चौथ्याला, रागाच्याला, हात थोडा थांबला. पण तेही तुझंच आहे, जाऊ दे. मग पाचवंही दाबलं. शब्द उमटला. या वेळी तो मला कुणी वाचून दाखवावा लागला नाही. बाहत्तर वर्षांत पहिल्यांदा एक शब्द मी चेहऱ्याने ओळखला.

म्हणजे आता तुझ्याकडे पाच पत्रं एकदम पोहोचली आहेत आणि हे सहावं. तारखा बघून वाच. पहिल्यात मी खोटं बोलले आहे, ते तसंच ठेवलं आहे. कुठून कुठे आले ते तुला दिसावं म्हणून.

पाकीट मशीनच्या कप्प्यात आहे. मशीन नको असेल तर नुसता कप्पा निघतो, दोन खिळे आहेत. तो पाठवते.

माफ कर म्हणत नाही. ते म्हटलं की तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि तू उत्तर द्यावंस असं काही मी केलेलं नाही. मी फक्त वाट बघणार आहे. वाचनालय रोज दहाला उघडतं. हळूहळूबाईंनी मला खालचा दाराजवळचा संगणक वापरायची परवानगी दिली आहे, वर्ग असो नसो. परवलीची वीण मला येते, आवक कुठे दिसते ते ठाऊक आहे, आणि काही आलं तर नाकातली बाई आहे. कुणाचे डोळे उसने नकोत. रविवारी बंद असतं, तेव्हा बाहेर पायरीवर बसेन.

चौतीस दिवस. उद्या पहिला. मी मशीनवर बसून मोजले होते, त्यामुळे चुकायची नाही.

एवढं टाइप झालं की टायपिस्टबाई दोन्ही हात वर करणार आहेत. बाण मला दिसतो आहे.

आई